आता तुम्ही बसा

सासूबाईंनी ट्रे उचलताना दोन्ही कपांतला चहा बशीत सांडला, तरी सून जागची हलली नाही. ती बाहेरच्या खोलीत नणंदेसमोर बसली होती आणि मांडीवरच्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालत होती.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून निघाल्या. ट्रे धरायला दोन्ही हात हवेत, म्हणून काठी ओट्याला टेकवून ठेवलेली. ऑपरेशन झालेला पाय आधी पुढे, मग दुसरा. दारापासून टीपॉयपर्यंतचं अंतर धडधाकट माणसाच्या लक्षातही येत नाही. त्यांना मात्र मधली सतरंजी, तिची दुमडलेली कड, खुर्चीचा पुढे आलेला पाय, सगळं वेगवेगळं दिसत होतं.

"अगं आई!" लेक ताडकन उठली आणि तिने ट्रे जवळजवळ हिसकावूनच घेतला. "वहिनी, तुला दिसत नाही का?"

"दिसतंय ना, ताई."

"दिसतंय आणि बसून राहिलीस?"

सुनेने घडी पुरी केली.

लेकीने आईला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. उशी आणून पाठीमागे सारली, दुसरी पायाखाली घातली. सासूबाईंना तिचे हात आवडले. गरम, घाईचे, लहानपणी होते तसेच. त्या बसल्या, आणि बसल्या क्षणी पाय आपले नसल्यासारखे सैल पडले.

न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, त्याला आता सहा महिने होत आले होते. सुरुवातीला सुनेने त्यांना पलंगावरून हलू दिलं नाही. भरवणं, पुसणं, वेणी घालणं, सगळं तिनेच केलं. भेटायला येणारे म्हणायचे, सून असावी तर अशी. सासूबाईंनाही ते ऐकायला बरं वाटायचं. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, ऑपरेशननंतर घालायला लागलेला पायजमा एकाच पायात ढगळ होतोय. आयुष्यभर शिवणकाम केलेलं. चूक मापात असली की डोळ्याला टोचायचीच. त्यांनी शिवण आत घेतली. पुढच्या महिन्यात परत घ्यावी लागली.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती मांडी चाचपून म्हणाली, "आजी, हाड जुळलंय हो. पण हे मांस झडत चाललंय. आता नाही उठलात, तर पुढे उठायचं म्हटलंत तरी उठता यायचं नाही."

तिने पलंगावर पडल्या पडल्या पाय उचलायला शिकवलं. सासूबाई उचलत होत्या, तेवढ्यात शेजारीण डोकावली. "अगंबाई, कवायत का? या वयात कुठल्या स्पर्धेला उतरताय?" सगळे हसले, सासूबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लावून पाय उचलले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, आज नको, कंटाळा आलाय. मग ते राहूनच गेलं.

त्यानंतर एका दुपारी त्यांनी पाणी मागितलं. सून आतून म्हणाली, "घ्या ना, आई. माठ भरलेला आहे."

त्यांना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्या रागाच्या भरातच उठल्या. भिंत धरत, कपाट धरत स्वयंपाकघराशी पोचल्या, तेव्हा दाराआड सून उभी दिसली. स्वतःच्या तोंडावर हात गच्च दाबून ती त्यांच्या पावलांकडे बघत होती. सासूबाईंनी पाणी घेतलं, प्यायल्या, भांडं विसळून पालथं घातलं.

तेव्हापासून घरात हे असं चाललं होतं. साखर वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आली, भाजी निवडायची टोपली टेबलावर. कवायत म्हटली की लाज वाटते, कामाला कसली लाज? पण आता इमारतीत कुजबुज सुरू झाली. म्हातारीला राबवते. सुनेने एकदा सांगून पाहिलं, की डॉक्टरांनीच हालचाल करायला सांगितलीय. "हो का?" शेजारीण म्हणाली. "आमच्या वेळी त्याला घरकाम म्हणायचे." ती कुजबुज फोनवरून लेकीच्या घरापर्यंत पोचली होती.

"मी तुला न्यायला आलेय," लेक म्हणाली. चहाला तिने हात लावला नव्हता. "माझ्याकडे लिफ्ट आहे. दिवसभराची बाई ठेवलीय. तुला पाय खाली टेकवायला लागणार नाही."

"आणि काय करू मी दिवसभर?"

"काही करू नकोस! तेच तर म्हणतेय." लेकीचा आवाज बदलला. "आई, मी तुझ्या कापड बेतायच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचे. तिथून तुझे घोटेच दिसायचे मला. सकाळी बारीक, संध्याकाळी सुजून टम्म. गिऱ्हाईक गेलं तरी तू बसायची नाहीस. तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाले की हिला बसवायचं."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. टेबलाखालचा तो लहानसा भांग त्यांना आठवला. चुकून कात्री पडली तर, या भीतीने त्या कात्री नेहमी टेबलाच्या मधोमध ठेवायच्या.

"गंमत आहे बघ," त्या म्हणाल्या. "लहान होते तेव्हा गल्लीत सगळ्यांच्या पुढे पळायचे मी. पोरंसुद्धा मागे पडायची. आई म्हणायची, पळू नकोस, मुलीची पावलं वाजू नयेत. लग्न झालं, तर सगळे म्हणायला लागले, बसलीस काय? जेवायचेसुद्धा उभ्या उभ्या. आता जो तो म्हणतो, तुम्ही बसा."

"मग बस की!" लेक म्हणाली. "एवढी वर्षं नाही बसलीस, आता बस." मग वहिनीकडे न बघता तिने सांगितलं, "हिचे कपडे भर. ऊन चढायच्या आत निघू."

सून उठली आणि आत गेली. कपाट उघडल्याचा, बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. सासूबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या, भिंतीच्या आधाराने आत गेल्या. सून त्यांचे पायजमे बॅगेत रचत होती.

"तू भरतेयस?"

"मग काय करू?" सून हळू आवाजात म्हणाली. "मी राहा म्हटलं तर फुकटची मोलकरीण जाऊ देत नाही, असं होईल. हे परगावी. फोन केला तर म्हणाले, तुम्ही बायका ठरवा." ती थांबली. "तिकडे गेलात तर तुम्ही उठणार नाही, आई. ताई उठूच देणार नाहीत. पण ते मला कसं बोलता येईल? तुम्हीच काय ते बोला."

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. बोलायचं म्हणजे काय बोलायचं? तुझी माया मला अंथरुणाला खिळवेल, असं पोटच्या पोरीला सांगायचं? घोटे आठवणाऱ्या पोरीला? त्यांनी बॅगेतला वरचा पायजमा काढून मांडीवर घेतला, आत घेतलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग उठून बाहेर आल्या.

"मी येत नाही."

"का?"

"तुझ्याकडे मला करमत नाही."

लेकीचा चेहरा पडला. "कधी आलीस तू, करमतंय की नाही बघायला?"

सासूबाई टीपॉयवरचे कप ट्रेत ठेवू लागल्या.

"हिनं पढवलंय ना तुला?"

"तिचं काही नाव घेऊ नकोस. मला नाही यायचं, संपलं."

"ठीक आहे." लेकीने पर्स उचलली. डोळे भरून आले होते, म्हणून पायात चपला घालताना तिची डावी-उजवी चुकली. "राहा मग. राब हिच्याकडे."

जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज भराभर खाली गेला.

सासूबाई तशाच उंबऱ्यापर्यंत आल्या. मग कठडा धरून जिना उतरू लागल्या. खालच्या दाराशी तरी तिला गाठावं, पाठीवरून हात फिरवावा, करमत नाही हे खोटं होतं एवढं तरी कानात सांगावं. पडल्यापासून त्या जिना एकट्या उतरल्या नव्हत्या. दर पायरीला ऑपरेशनचा पाय थरथरत होता. निम्म्यावर आल्या, तेव्हा खाली गाडी सुरू झाली आणि निघून गेली. कठडा न सोडता त्या पायरीवर खाली बसल्या.

सून मागोमाग आली. "हात देऊ?"

"नको. जरा बसते."

सून त्यांच्याच पायरीवर, शेजारी बसली.

वरच्या मजल्यावरचे काका पिशव्या घेऊन चढत होते. त्यांना बघून थबकले. "अहो, पडल्या का या?"

"नाही, नाही पडल्या."

"मग उठवा की! बघत काय बसलाय? या आजी, हात द्या मला." त्यांनी एक पिशवी खाली ठेवून हात पुढे केला. मोठा, मजबूत हात होता. सासूबाईंनी त्या हाताकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे, भाऊ," त्या म्हणाल्या. "आम्ही येतो."

काकांनी एकदा सुनेकडे बघितलं. तिने गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट करून दिली. ते वर गेले. त्यांचं दार उघडलं, आतल्या कुणाशी तरी ते बोलले, मग कुणीतरी कठड्यावरून वाकून खाली बघितलं. दार लागल्याचा आवाज आला नाही.

सासूबाईंनी कठड्याची सळई दोन्ही हातांनी धरली. श्वास घेतला, आणि अंग उचललं. वीतभर वर आल्या आणि धप्पकन खाली बसल्या. सुनेचे हात आपोआप त्यांच्याकडे झेपावले. वरून कुणीतरी "अरे अरे" म्हणालं.

सासूबाईंनी सळईवरची पकड बदलली आणि पाय थोडा मागे ओढून घेतला. सुनेने आपले दोन्ही हात परत घेतले, स्वतःच्या मांड्यांखाली सारले, आणि त्या हातांवर भार देऊन बसून राहिली.