बिनटिळ्याची डिस्क

छकुले, मधी बोलू नगंस, नुसतं ऐक. कळसची म्हाळसा म्हाईत हाय ना तुला? इंदापुरात स्टँडमागं आनंदसरांच्या डीटीपीच्या दुकानात टायपिंगला जायची ती. बाप न्हाय, घरात सगळं चुलत्याचं चालायचं, तात्याचं. तात्या म्हनलेला, "नोकरी हाय तवर जा. सुटली की गप माझ्या मेव्हण्याच्या पोराशी लगीन लावायचं." अन् ते पोरगं कसलं, तर दिवसभर भवानीनगरला कारखान्याच्या गेटावर गुटखा चघळत हुभं. म्हंजे नोकरी गेली की म्हाळसी संपली, एवढं ध्यानात ठेव.

तर आली खंडेनवमी. आपल्यात विळा-कोयता पुजत्यात तसं सर कंप्युटर पुजायचे. सरच म्हनले, "म्हाळसा, तुमच्या घरचा बिरोबाचा भंडारा आण गं." हिनं आणला की ओढणीच्या गाठीला बांधून. धूळ झाडाय कंप्युटरचा डबा उघडला हुता, सर वरनं टिळा लावाय लागले, तर ही म्हनली, "सर, डब्याला काय लावताय? काम तर आतली डिस्क करती." सर हसले. "लाव मग तिला!" हिनं बोट बुडवून डिस्कच्या लोखंडी पाठीवर ठसठशीत पिवळा टिळा लावला. नारळ फुटला, पेढं वाटलं, दसऱ्याला दुकान बंद.

दसरा झाल्यावर हिनं मशीन चालू केलं, तर काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. काय, तर हार्ड डिस्कच सापडत न्हाय! बंद केलं, परत चालू केलं, परत तेच. अन् त्या डिस्कवर कळसच्याच शाळेची अख्खी स्मरणिका, सगळी म्हाळसीनं टाईप केल्याली. फ्लॉपीवर काढून ठिवू का म्हनलं की सर म्हनायचे, "फ्लॉप्या काय झाडाला लागतात?" अन् संध्याकाळी त्या शाळेचे जोतीराम गुरुजी प्रुफं न्यायला येनार.

सर आले ते तडकलेच. "हळद! आत हळद गेली!"

"सर, तुमीच तर म्हनला..."

"मला शिकवू नकोस. गुरुजी यायच्या आत डिस्क दिसली तर ठीक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मागच्या खोलीतनं सरांची बायको, अनसूयाबाई, म्हनाल्या, "देवाचं देवाजवळ ठेवावं बाई, यंत्रात कशाला?"

म्हाळसी रडली न्हाय. स्क्रू काढलं. चपटी केबल उपसून परत दाबून बसवली. न्हाय. करंटची पिन बदलली. तरी न्हाय. कान लावला, तर आत घुर्रर्र. म्हंजे डिस्क फिरती, मेलेली न्हाय. मग गेली सेटअपमदी. हे जुनं मशीन बाई, त्याला आपणहून काय कळत न्हाय. डिस्कवर छापल्यालं आकडं आपुन हातानं भरायचं. चुकलं की डिस्क म्होरं असून बी त्याला दिसत न्हाय. पडद्यावर आकडं तर हुतं, पण खरं का खोटं ते ताडून बघावं म्हनून हिनं डिस्क बाहेर ओढली.

अन् डिस्कवर टिळा न्हाय.

उलटी केली, सुलटी केली. पाठीवर नुसती जुनी धूळ. भंडारा पुसला तरी पिवळेपणा ऱ्हातोच की गं, आपल्या उंबऱ्याला बघ. आकडं बी येगळं. हिनं ह्या डिस्कवरचं आकडं भरलं, मशीन चालू केलं, तर लगीच दिसली! पन रिकामी. ज्या भंडाऱ्याला सकाळपासनं शिव्या, तो हितं नव्हताच बघ. डिस्कच कुनीतरी बदलल्याली.

"सर, ही आपली डिस्क न्हाय."

"अगं, पुसला असेल टिळा," अनसूयाबाई दारात आल्या.

"अन् आकडं? ते बी पुसून दुसरं छापलं व्हय, बाई?"

अनसूयाबाईंचं तोंड उतरलं. दुकानाची दुसरी किल्ली त्यांच्या भावाकडं, विराजकडं, अन् विराजनं दसऱ्याच्या मुहूर्तावर बारामतीत सोताचं दुकान काढल्यालं. सरांनी फोन लावला. म्हाळसीला हिकडचंच ऐकू आलं. "अरे, पण विचारायचं तरी... उद्घाटनाला? म्हणून माझी काढून नेलीस आणि तुझी जुनी इथं बसवलीस?... फॉरमॅट? सगळं पुसलंस?"

सरांनी फोन ठेवला. मग आवाज एकदम लोण्यावानी. "म्हाळसा, तू हुशार आहेस. हे बाहेर गेलं तर विराजच्या दुकानाची पायरी कुणी चढायचं नाही. गुरुजी तुमच्याच गावचे, तुला काय खाणार आहेत? हळद सांडली म्हण. तुझी नोकरी पक्की."

तेवढ्यात भाईर गुरुजींची लुना थांबली.

"काय गं म्हाळसे, झाली का आमची स्मरणिका?"

हिनं सरांकडं बघितलं. सर कॅलेंडर बघत हुते. हिच्या डोळ्यापुढं भवानीनगरचं गेट.

"गुरुजी, माझ्या हातनं भंडारा आत सांडला. सगळं गेलं."

गुरुजी वरडले आसते तर बरं हुतं. पन ते हळूच म्हनले, "शिकून-सवरून बी तुमी लोकं भंडारा सोडत न्हाय गं." अन् लुनाला किक मारून गेले.

मग काय, कळसात बातमी पोचायला कितीसा येळ? पारावर कुनीतरी तात्याला म्हनलं, "तुमच्या बिरोबानं इंदापूरचा कंप्युटर खाल्ला म्हनं!" सगळी फिदीफिदी हसली. तात्या घरी आला अन् चप्पल बी न काढता म्हनला, "देवाचं नाव घालवलंस. उद्यापासनं इंदापूर बंद." नोकरी पक्की हुती गं! जानारीच घरात कोंडली.

तवा कुठं हिनं आयला, सारजाला, खरं सांगितलं. आय म्हनली, "तितंच का न्हाय बोललीस? आता कोन ऐकतंय?"

लगीन झालं. त्याच पोराशी. अन् पत्रिका कुठं छापली म्हाईत हाय? बारामतीला, विराजच्या दुकानात. सरांनी फुकट करून दिली, पोरगी गुनी म्हनून. म्हंजे त्या टिळ्याच्या डिस्कवरच हिची पत्रिका टाईप झाली असंल बघ.

आता बोल छकुले. गुरुजी म्होरं हुभं, सर कॅलेंडर बघत्यात, घरी तात्या. तू असतीस तर काय केलं असतंस?