हात लावायचा नाही

चेंडू अडवताना गोलरक्षक डाव्या कुशीवर आपटला आणि हिरव्या गालिच्यावर पाय झाडू लागला. रेषेबाहेर उभ्या असलेल्या मिओरीनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. पंच मोठ्यानं आकडे मोजू लागले. गुडघ्याएवढा हा यंत्रमानव मोजणी संपायच्या आत आपला आपण उठला तर खेळात राहणार होता. कोणी हात लावला तर तो बाहेर, आणि गोल मोकळा.

"उठेल गं," शेजारून तिच्याच संघातला इसोगाई म्हणाला. "आपलंच कार्टं आहे."

यंत्रमानवांच्या फुटबॉल स्पर्धेतला हा उपांत्य सामना बरोबरीत होता आणि थोडाच खेळ उरला होता. अंतिम फेरी गाठली नाही तर मार्चअखेर प्रयोगशाळेला कुलूप, असं विद्यापीठानं स्वच्छ सांगितलं होतं. ती कुरोइवा सरांनी उभी केलेली; त्यांच्या मागे तेवढी एकच गोष्ट उरली होती.

सरांचा एकच दंडक होता. पडलेल्याला हात लावायचा नाही. "लगेच उचललंत, तर कुठं बिघडलंय ते कळणार कसं तुम्हाला?"

गेल्या वर्षी पानगळीत, सराव चालू असताना, सर स्वतःच गालिच्यावर पडले. इसोगाई पंचांच्या सुरात मोजायला लागला आणि सगळे हसले. सरही हसले, तोंड जरा वाकडं करून. "कोणी हात लावायचा नाही हं," ते म्हणाले. मिओरीनं पुढे केलेला हात मागे घेतला. सर एकाच हातानं जमीन रेटत होते, दुसरा हलत नव्हता. यंत्राचा हात असा गेला असता तर तिनं क्षणात ओळखलं असतं. माणसाचा ओळखेपर्यंत इसोगाईची मोजणी संपली होती. सर दवाखान्यातून परत आलेच नाहीत. त्या हसण्याबद्दल दोघं कधीच बोलले नाहीत, पण पंच मोजायला लागले की इसोगाई अजूनही बुटांकडे बघतो.

पंचांचा आवाज चढला. गोलरक्षक उजव्या हातानं गालिचा रेटत होता. डावा अंगाखाली अडकला होता.

"मिओरी, थांब," इसोगाई म्हणाला. आज तो वर बघत होता. "हात सुटतोय त्याचा."

तिला ते ऐकू आलं. तरीही ती रेषा ओलांडून आत गेली, वाकली आणि तिनं त्याला उचलून घेतलं.

शिट्टी वाजली. पंचांनी बाहेर बोट दाखवलं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि थोड्याच वेळात चेंडू मोकळ्या गोलात गेला. पलीकडची मुलं एकमेकांच्या गळ्यात पडली.

"उठला असता तो," इसोगाई हळूच म्हणाला.

"माहितीये."

तिच्या कुशीत गोलरक्षक अजून उठतच होता. सुटलेला डावा हात त्यानं तिच्या छातीवर टेकवला, मग उजवा टेकवला, गुडघे पोटाशी घेतले आणि सरांनी शिकवलं होतं तसा जोर लावून पाठ सरळ केली.