तिठ्यावरचं गाऱ्हाणं

पैज लागली ती माझ्या रिक्षात. बाबुश आणि मी शेजारी, मध्ये एकच कुंपण, त्यामुळे पैजेला कारण लागत नाही. मागच्या खेपेस त्याचा कोंबडा आधी आरवतो की माझा, यावर लागली होती.

बाबुशची पोरगी ॲश्लिन आयर्लंडात एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं सगळं करते. परमिटवर गेलीय. तिथल्या सरकारनं अशा परमिटवाल्यांचा कमीत कमी पगार वाढवला. नवं परमिट हवं तर मालकानं तो वाढीव पगार द्यायलाच हवा. ॲश्लिनचं परमिट संपत आलेलं आणि मालक गप्प.

"ती मालकाक विचारतली," बाबुश म्हणाला.

"ॲश्लिन? अरे, तां चेडू रिक्षा थांबव म्हणूक लाजता."

खोटं नाही. कॉलेजला जायची तेव्हा एकदा गंमत म्हणून मी रिक्षा तिच्या घरावरून पुढे काढली. बघू ओरडते का. फाटा गेला, काजूची फॅक्टरी गेली, पोरगी गप्प. शेवटी मीच कंटाळून वळवली आणि दारात सोडली, तर म्हणते, "थँक्यू अंकल."

ठरलं असं, की हरेल त्यानं बाजाराच्या दिवशी कसालच्या तिठ्यावर उभं राहून स्वतःच्याच नावानं गाऱ्हाणं घालायचं. देवा म्हाराजा, ह्या गाढवाक अक्कल दी. बाबुश चर्चला जातो, पण राखणदार देवाला नारळ ठेवताना गाऱ्हाणं माझ्यापेक्षा झकास घालतो. म्हणून मला त्यालाच उभा करायचा होता.

बाबुशनं फोनवर पोरीला पैज सांगितली. ती खूप हसली म्हणे. मग तिनं मालकाला विचारलं.

मालकानं सांगितलं, तुझ्यासाठी मी नवा अर्ज करणार नाही. परमिट संपलं की जा.

हे मला बाबुशच्या बायकोकडून, बर्नादेतकडून कळलं. कुंपणापलीकडे ती कपडे वाळत घालत होती. मी आपला नेहमीसारखा काहीतरी चावट बोलायला तोंड उघडलं.

"तुमची पैज झाली, महादू," ती म्हणाली. "माझ्या चेडवाचा परमिट गेला."

त्या दिवशी भाडं घेऊन ओरोसला निघालो आणि कुडाळला पोचलो.

संध्याकाळी बाबुश फोन घेऊन आला. पडद्यावर ॲश्लिन, कुठल्यातरी बसस्टॉपवर, कामाच्या कपड्यांत.

"अंकल, हरलात मा?"

"हरलंय गो. पण तू कशाक विचारलंस? गप रवली असतंस तर..."

"तर काय? जुन्या पगारार नवीन परमिट देयतच नाय हय. गप रवानसुद्धा घराकच येवचा होता."

बाबुश पंप बंद करायला गेला, तशी ती हळूच म्हणाली, "दुसऱ्या एका आश्रमान बोलावल्यानी हा. ते अर्ज करतीत काय नाय, काय म्हायत. माका भय वाटता ओ. डॅडीक सांगा नको."



बाबुश परत आला. "ऱ्हवांदे रे ती पैज," म्हणाला.

"नाय. हरलंय तो हरलंय."

बाजाराच्या दिवशी नारळ घेऊन तिठ्यावर उभा राहिलो. मासेवाल्यांनी टोपल्या सरकवून जागा केली. बातमी बाबुशनंच पसरवली असणार.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खा बाजार.

"आज ह्यो महादू गाढव तुझ्यासमोर उभो आसा."

"व्हय म्हाराजा." लोक हसून हसून बेजार. वडेवाल्यानं झारा उंच केला.

"ह्या गाढवाक वाटला, बाबुशाचा चेडू तोंड उघडूचा नाय."

"व्हय म्हाराजा."

"त्या चेडवान उघडल्यान. नियमान जा मिळूचा, ताच मागल्यान. म्हणून मालकान तेका जा म्हणून सांगल्यान."

आता हसणं कमी झालं. एक मासेवाली कोयता खाली ठेवून बघायला लागली.

"तर देवा म्हाराजा, परमिट संपायच्या आधी तेका दुसरो मालक गावांदे. नियमान पगार देणारो. आणि तेच्या वाटेत जो कोण आडवो येत असात, तेका बाजूक कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांचं म्हणून झाल्यावर मागून एक आवाज उशिरानं आला. बर्नादेत, हातात बाजाराची पिशवी.

"व्हय म्हाराजा."

नारळ फोडला. एक भकल तिच्यापुढे धरलं. तिनं ते घेतलं आणि पिशवीत टाकलं.