काका बघतील

काका चाकाच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि विचारणाऱ्या बाई शेजारी उकिडव्या बसून त्यांचा चेहरा न्याहाळत होत्या.

"आता काय चाललंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाठीनं ऐकतोय."

चाकं रेटत काका दारापर्यंत गेले, परत आले आणि डोळे उघडून म्हणाले, "डावीकडे ओढतेय. सीटखालचा बोल्ट ढिला आहे. मागे पाठवा."

कारखाना छोटा होता. ज्यांना चालता येत नाही अशा मुलांसाठी तिथे मापाबरहुकूम खुर्च्या बनत. तयार खुर्चीत काका बसून बघत आणि मगच ती दाराबाहेर जाई. दुसरं कुणी बसत नसे. धडधाकट माणसाने त्या खुर्चीत बसू नये, असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आपल्यावरही तीच वेळ येईल, या भीतीने मनातून सगळेच बिचकत. काका तरुणपणी बेधडक बसले आणि ते काम त्यांचंच होऊन गेलं. बिघडलेली एकही खुर्ची आपल्या हातून सुटली नाही, याचा त्यांना अभिमान होता.

अलीकडे मात्र खुर्च्यांना फार उशीर होऊ लागला होता. माप दिलेलं मूल खुर्ची येईपर्यंत मोठं होई आणि नव्या खुर्चीत त्याचे गुडघे वर येत. काम कुठे अडतं आणि काय बदलायला हवं, हे शोधायला मालकीणबाईंनी या बाईंना बोलावलं. त्या ज्याला त्याला "मग पुढे काय होतं?" असं विचारत. आजीला गोष्ट विचारावी तसं विचारते, असं वेल्डर म्हणाला आणि बाईंना 'विचारणाऱ्या बाई' हे नाव पडलं.

बाईंनी एका नुसत्या सांगाड्याला लाल चिंधी बांधली आणि तो जिथे जाईल तिथे त्या गेल्या. सांगाडा थांबला की त्याही थांबत. बराच वेळ त्या नुसत्याच उभ्या दिसत. शिवणाऱ्या मावशींनी तर एकदा त्यांना स्टूल आणून दिलं.

शेवटी त्या काकांकडे आल्या. मालकीणबाईंच्या आधी तुमच्या कानावर घालते, म्हणाल्या. खुर्चीवर प्रत्यक्ष काम थोडाच वेळ चालतं, बाकी सगळा वेळ ती उभी असते, आणि सर्वांत जास्त काकांच्या दारातल्या रांगेत. त्यातून निम्म्या खुर्च्या मागे फिरतात. तो एक बोल्ट आवळायला मावशींची सगळी शिवण उसवावी लागते.

"बोल्ट ढिला का राहतो, हे मी प्रत्येकाला विचारलं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं उत्तर एकच."

"काय?"

"काका बघतील."

काका हातातल्या फडक्याने खुर्चीचा दांडा पुसत राहिले. दांडा केव्हाच स्वच्छ झाला होता.

"म्हणजे माझं बसणं बंद."

"शेवटी बसणं बंद करावं, असं मी सांगणार आहे. पण बघायला तर हवंच. ते कुणी बघायचं आणि केव्हा, हे मला नाही ठरवता येणार. तुम्ही सुचवाल?"

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि ते रांगेतल्या पुढच्या खुर्चीकडे वळले.

घरी बायको वाटाणे सोलत होती. काकांनी तिला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. आपल्या बाजूने ती चार शब्द बोलेल अशी त्यांना आशा होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"यात खोटं काय आहे?" ती म्हणाली. "बाहेर जाताना मी कुलूप लावलं की तुम्ही ओढून बघता. म्हणून मी किल्ली अर्धीच फिरवते."

"अर्धी? कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

काकांना आधी राग आला, मग हसू आलं. हसता हसता ते तिच्या समोर बसले आणि वाटाणे सोलू लागले.

सकाळी मालकीणबाईंसमोर ते स्वतःच बोलले. सांगाडा तयार झाला की सीट शिवायच्या आधीच त्यावर फळी टाकायची आणि वेल्डरने बसून बघायचं. शिवण झाली की मावशींनी बसायचं. आपण शेवटी बसणार नाही.

वेल्डरने नकारार्थी मान हलवली. आपल्या घरी लहान मुलं आहेत, आपण त्यात बसणार नाही, म्हणाला.

"मी जन्मभर बसतोय," काका म्हणाले. "पाय जागेवर आहेत. गुडघे तेवढे कुरकुरतात, तो दोष आमच्या जिन्याचा."

"सरका," म्हणत मावशीच पुढे झाल्या आणि पदर सावरून खुर्चीत बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "अगंबाई, ही शिवण मांडीला टोचते की. मला कुणी बोललं नाही ते."

त्यानंतर वेल्डरला नाही म्हणणं जड गेलं. पोहायला घाबरणाऱ्या पोराला पाण्यात उतरवावं तसं काकांनी त्याला बसवलं. डोळे मिटायला लावले, खांदे सैल सोडायला लावले. त्याला काहीच कळेना. काका रागावले नाहीत. त्यांनी एक बोल्ट मुद्दाम ढिला केला, त्याला फिरवून आणलं. आवळला, पुन्हा फिरवून आणलं. दुपारपर्यंत हाच खेळ.

"डावीकडे... कललीय का जराशी?" वेल्डरने डोळे न उघडताच विचारलं.

"कुठून कळलं?"

"पाठीतून."

ढिला बोल्ट स्वतः पकडताना काकांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एक छोटी निळी खुर्ची तयार झाली आणि कुठेही न थांबता दाराशी आली. जिथे रांग असायची तिथली फरशी मोकळी होती. खुर्च्या पोचवणारा ड्रायव्हर सवयीने अडला.

"काका, बसलात ना?"

"वेल्डर बसलाय. मावशी बसल्यात."

"आणि तुम्ही?"

काकांनी दाराची दुसरी फळीही उघडली आणि तिला पाठ लावून ते बाजूला उभे राहिले.

"ने," ते म्हणाले. "पोर वाट बघत असेल."