क्लेबरचं काळं नाणं

चांदुई गावाच्या किनाऱ्यावर तेओफिलो यागुआलचं केस कापायचं दुकान होतं. बुडालेल्या गलबतांमधली चांदीची नाणी कोळ्यांच्या जाळ्यात अधूनमधून येत आणि ती दाखवायला लोक त्याच्याकडेच येत. त्याचा स्वतःचा संग्रह गावात नावाजलेला. कुणी नाणं घासून लख्ख करून आणलं की तो वस्तरा खाली ठेवून करवादायचा, "अरे गाढवा, लिंबू माशावर पिळायचं असतं, नाण्यावर नाही! म्हाताऱ्याचं कातडं सोलून आणलंस की रे!"

त्याचा एकुलता एक मुलगा क्लेबर पाणबुड्या होता. तोंडात हवेची नळी धरून तळाशी जायचा, शेवंड जातीचे मोठे झिंगे पकडायचा. मे महिन्यात एकदा होडी परत आली ती त्याच्याविना. नळी तुटली होती. गावानं समुद्र पालथा घातला, पण देह मिळाला नाही. दोरीला बांधून त्यानं आधीच वर पाठवलेली जाळीची पिशवी तेवढी हाती आली. तिच्यात शेवंडांबरोबर एक काळी, चपटी चकती होती.

"बापासाठीच उचललं असणार," त्याचा होडीवरचा जोडीदार खाली मान घालून म्हणाला.

चांदीचं नाणं. वरच्या काळ्या पुटावर क्रूसाच्या रेघा पुसट दिसत होत्या.

क्लेबरच्या आईची, आउरिस्तेलाची, अन्नावरची वासनाच उडाली. भाताची ताटली समोर ठेवली तर ती तशीच वाळून जायची. एक दिवस ती म्हणाली, "रिकामी शवपेटी पुरणार नाही मी. नोव्हेंबरात मृतांच्या सणाला पुरू, तेव्हा पेटीत त्याचं नाणं ठेवू. पण आधी साफ कर. क्रूस दिसू दे मला."

"त्याला हात लावायचा नसतो गं. मिठानं आतली चांदी खाल्लेली असते. कधीकधी क्रूस त्या काळ्या पुटातच उरलेला असतो. पूट निघालं की क्रूसही गेला."

"कधीकधी ना? म्हणजे आत असूही शकतो."

"आउरिस्तेला, ऐक माझं—"

"तूच ऐक! माझ्या पोराला ना पाद्र्याचा हात लागला, ना माती. कुठल्या कपारीत अडकलाय देव जाणे. मरण्याआधी त्याच्या हातात क्रूस होता, एवढं तरी बघू दे मला. तुझे नियम तुझ्या नाण्यांना लाव. हे माझ्या लेकराचं आहे!"

तो महिनोन्महिने नाही म्हणत राहिला. तिची हाडं वर आली. तिची बहीण एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "दाजी, मृतांच्या सणाला तुम्हाला दोन कबरी खणाव्या लागतील." त्याच आठवड्यात त्यानं दुकानाचं दार लावून घेतलं.

मीठ उतरावं म्हणून त्यानं नाणं आधीच गोड्या पाण्यात भिजत ठेवलं होतं. आता ओठांतल्या ओठांत मरियामातेला हाका मारत तो लाकडी काडीनं कडेकडेनं पूट सैल करू लागला. अचानक एक खपली अख्खी सुटली. तिच्यावर क्रूस स्पष्ट होता, चारी भुजांसकट. त्यानं ती चिमटीत धरली आणि तिचा भुगा झाला. खाली उरला तो करडा, गुळगुळीत पत्रा.

तो कितीतरी वेळ भुगा बोटानं गोळा करत बसला. मग संग्रहातलं ठसठशीत क्रूसाचं नाणं घेऊन घरी गेला आणि तिच्या हातावर ठेवलं.

तिनं एकदाच पाहिलं. "हे तुझ्या निळ्या डबीतलं. धूळ मीच पुसते ना तिच्यावरची? माझं कुठाय?"

त्यानं पत्रा पुढे केला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला.

"काहीच नाही यावर."

"काही नाही."

"तुला माहीत होतं."

"भीती होती मला."

"मग का केलंस रे?"

"तू जेवत नव्हतीस."

ती त्याच्या छातीवर मुठी मारत सुटली. तिला अडवायला त्यानं हात वर केला नाही.

सणाच्या दिवशी पेटीत क्लेबरचा सदरा ठेवला आणि त्यावर तो पत्रा. माती लोटून झाली तशी आउरिस्तेला कुणाशी न बोलता थेट किनाऱ्यावर गेली आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरली. "क्लेबर! अरे क्लेबर!" तेओफिलोनं धावत जाऊन तिला कमरेला धरलं. ती आत ओढत होती, तो बाहेर. तिचं बळ संपलं तेव्हा त्याचंही संपलं होतं. लाटा अंगावर येत होत्या आणि दोघं तिथेच, एकमेकांना धरून, आपल्या लेकाला हाका मारत उभे होते.