किटलीचं टेबल

सणसवाडीत तुळजाबाईंच्या चाळीत बारा खोल्या होत्या आणि बाराही खोल्या गौतमीच्या प्रचाराला लागल्या होत्या. कारखान्यातली पहिली पाळी सुटली की माणसं हातपाय धुऊन थेट फेरीलाच निघायची. शिक्रापूरच्या चौकात तिची सभा झाली तेव्हा तर ट्रकवाल्यांनी केबिनमधून उतरून भाषण ऐकलं.

गौतमी त्याच चाळीतली. मूळची दौंडची, वडील रेल्वेत होते, आणि ती इथं एका कारखान्यात तयार माल तपासायची. सहा वर्षांपूर्वी खोली बघायला आली तेव्हा कुणी विचारायच्या आधी तिनंच सांगून टाकलं होतं, "आम्ही बौद्ध. चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी पुढं बघते." तुळजाबाई क्षणभर ओशाळल्या. मग म्हणाल्या, "आधी खोली तर बघ." त्या वर्षी नळावरची भांडणं एवढी वाढली होती की बादल्या डोक्यात घालायच्याच काय त्या बाकी होत्या. गौतमीनं ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणं पाणी भरायच्या वेळा लावून दिल्या आणि नळ शांत झाला. तेव्हापासून तुळजाबाईंचा तिच्यावर जीव.

लोकसभेला ती उभी राहिली ती एका बसच्या पायी. पाळीवरून रात्री सुटणाऱ्या बायकांसाठी बस हवी, म्हणून ती ग्रामपंचायतीत गेली. तिथून तिला आमदारांकडे धाडलं, आमदारांच्या कचेरीनं खासदारांचं नाव सांगितलं. "मग काय काकू," ती हसत म्हणाली होती, "म्हटलं, आपणच खासदार व्हावं. तेवढाच एक हेलपाटा वाचंल." अपक्ष म्हणून अर्ज भरला, चिन्ह मिळालं किटली.

मतदान सोमवारी होतं. त्याआधीच्या गुरुवारी चौथ्या खोलीतली म्हाळसा चावी घेऊन आली. ती बीडकडची.

"काकू, आमच्याकडंबी सोमवारीच मतदान हाय. आम्ही उद्याच्या गाडीनं निघालो. चावी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

तिच्यामागून नववी खोली आली, मग दुसरी, मग अकरावी. तुळजाबाईंच्या दारामागच्या खिळ्याला चाव्यांचा घोस लागला. संध्याकाळी प्रचारातून आलेल्या गौतमीनं तो पाहिला.

"एवढ्या चाव्या कुणाच्या हो?"

"तुझ्या प्रचाराच्या," तुळजाबाई म्हणाल्या.

गौतमी हसली आणि मग हळूच उंबऱ्यावर बसली. या माणसांची मतं इथं नाहीत, हे तिला माहीत होतंच. पण मतदानाच्या दिवशी माणसं तरी इथं असतील, असं ती धरून चालली होती. शाळेपाशी प्रत्येक उमेदवाराचं टेबल लागतं. तिथं बसणारा मतदाराचं नाव यादीतून काढतो आणि चिठ्ठी लिहून देतो. टेबल रिकामं दिसलं की गाव समजतं, या उमेदवाराला कुणी नाही. आठव्या खोलीतला बिहारी म्हणाला, "दीदी, हम बैठ जाएंगे." पण त्याला ना मराठी वाचता येत होतं, ना गावातलं कुणी ओळखता येत होतं.

"दुसऱ्या गावांत माणसं मिळाली काकू," गौतमी म्हणाली. "हरायचं काही न्हाई वाटत. पण जिथं राहिले तिथंच माझं टेबल रिकामं, याचं वाईट वाटतं." ती एवढंच बोलली. तुम्ही बसा, असं काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंचे धाकटे दीर कोंडिबा चहाला आले. गाव त्यांना आबा म्हणायचं. मोठ्या पक्षाचं टेबल वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच.

"वहिनी, पोरगी गुणाची हाय. मत कुनालाबी टाका, आत कोन बघतंय? पन बाहेर भावकीला शोभंल असंच ऱ्हावा."

ते गेल्यावर तुळजाबाई कप विसळत जुनं आठवत राहिल्या. पहिलं मत द्यायला त्या बैलगाडीतून गेल्या होत्या. दोन्ही बाजूंना बाजरीची रानं, मालक पुढं कासरा धरून, आणि वाटेत त्यांनी कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा ते दोनदा बजावलं होतं. तुळजाबाईंनी मारला. वाईटही काही वाटलं नव्हतं. नवी साडी होती, गाडीत बायकांची गाणी चालली होती, मोठी मजा होती. पण पुढं इतक्या निवडणुका झाल्या, आणि तुमचं काय मत, असं कुणीच कधी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी सुनेला हाक मारली. "नीलम, चल. मला बारीक अक्षर दिसत न्हाई. यादी तू वाच."

"आत्या, आबा काय म्हनतील?"

"म्हनायचं ते तोंडावर म्हनतील. समोरच तर बसल्यात."

शाळेपाशी किटलीचं टेबल मांडलं गेलं तेव्हा समोर आबांच्या पक्षाच्या मांडवातली बोलणी एकदम थांबली. कोंडिबा रस्ता ओलांडून आले.

"वहिनी, हे काय मांडलंय?"

"टेबल."

"भावकी हसतीया."

"हसू द्या की. रडत तर न्हाई कुनी?"

मांडवातलं एक पोरगं फिस्सकन हसलं. कोंडिबांनी त्याच्याकडे डोळे वटारले. "मग किटली हाय तर चहा तरी पाजा!"

"चहा पाजला तर आचारसंहिता मोडती, भावजी. तुमचं ते सरबताचं पिंप झाका आधी. निवडणुकीच्या सायबाची गाडी फिरतीया."

कोंडिबा काहीतरी पुटपुटत परत गेले, पण पिंपावर पोतं टाकलं.

पहिला तासभर या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. बायका लांबूनच बघून मांडवाकडे वळायच्या. नीलम पदराशी चाळा करत बसली होती. मग वरच्या आळीच्या रतनबाई काठी टेकत आल्या आणि सरळ खुर्चीत बसल्या.

"तुळजे, माझं नाव काढ गं. त्या बाप्यांच्या घोळक्यात कोन शिरंल?"

नीलमनं नाव काढलं. रतनबाई उठायच्या आत दुसरी आली, मग तिची जाऊ. बसायला खुर्ची होती, ओळखीचं तोंड होतं. मत कुणाला, हे कुणी सांगितलं नाही, तुळजाबाईंनी विचारलंही नाही. बघता बघता टेबलापाशी बायकांची रांग लागली आणि नीलम ठसक्यात सांगू लागली, "एकेक करून या. गर्दी नगा करू."

ऊन तापलं तेव्हा गौतमीची जीप आली. गावोगावची टेबलं बघत ती फिरत होती आणि सणसवाडी तिनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. उतरली आणि जागीच थबकली. टेबलाभोवती बायका, मध्ये तुळजाबाई, शेजारी नीलम यादीत बोट घालून.

"काकू..." म्हणत ती टेबलापाशी आली.

"उभी काय ऱ्हायलीस? मत दिलंस का?"

"अजून न्हाई."

"उमेदवार झाली म्हून काय झालं? नीलम, काढ हिचं नाव."

नीलमनं पानं उलटली, नाव शोधून काढलं आणि चिठ्ठी लिहून दिली. गौतमीनं ती दोन्ही हातांनी घेतली. शाळेच्या दारातल्या मतदानाच्या रांगेत बायकांनी तिला पुढं जायला वाट करून दिली, पण ती गेली नाही. शेवटच्या बाईच्या मागं जाऊन उभी राहिली आणि त्या बायकांत काहीतरी हसण्यावारी बोलणं सुरू झालं.

तुळजाबाईंनी खुर्ची थोडी सावलीत सरकवली. "हां, पुढं कोन हाय?" त्या म्हणाल्या.