सगळ्यांना भाऊ करणारी आई

मी एक जुना लाकडी वाडगा आहे. रुंद पोटाचा आणि बुटक्या पायांचा. टोंगा देशातल्या वावाऊ बेटावर तेलेसिया नावाच्या बाईच्या घरात माझं सगळं आयुष्य गेलं. मित्रांनो, माझ्यात कधी कोणी भात वाढला नाही की पीठ मळलं नाही. कावा नावाच्या झुडपाचं मूळ कुटायचं, ती भुकटी माझ्यातल्या पाण्यात कालवायची आणि करवंटीने सगळ्यांना प्यायला द्यायची, एवढंच माझं काम. चव मातीसारखी, पण प्यायल्यावर जीभ बधिर होते आणि मन निवतं.

तेलेसियाच्या वडिलांनी मला एका अखंड ओंडक्यातून कोरलं. लेक लग्नाची झाली होती, म्हणून. आमच्याकडे मुलीला मागणी घालायला येतात ते कावा प्यायला. मुलगी वाडग्यापाशी बसते, तरुण मंडळी गोल करून बसतात. ज्याच्या मनात ती असते तो तिच्या शेजारी बसतो, बाकीचे गाणी म्हणतात आणि त्याची फिरकी घेतात. नियम एकच, पण फार कडक. मुलीचा भाऊ त्या बैठकीत बसू शकत नाही. चुलत, मावस, त्याहून लांबचा, सगळे भाऊच. नातं निघालं की त्याने मुकाट्याने उठून जायचं, आणि पुन्हा त्या विषयाचं नाव काढायचं नाही.

तेलेसियाच्या शेजारी मोआला नावाचा तरुण येऊन बसायचा. त्याला गाता येत नव्हतं, म्हणून तो नुसता हसायचा. त्या हसण्यावर ती भाळली आणि दोघांचं लग्न झालं. मग माझे खरे सुखाचे दिवस आले. घरात सतत माणसांचा राबता असे. कावा मुरून मुरून माझ्या पोटावर निळसर झाक चढली. आलेला माणूस माझ्यावरून हात फिरवून म्हणायचा, "वाडगा असावा तर असा." खोटं कशाला बोलू, मी सुखावून जायचो.

पुढे मोआला आजारी पडून गेला. लुपे आणि फुसी या दोन मुलींना तेलेसियाने एकटीने वाढवलं. लुपे शाळेत शिकवू लागली, धाकटी फुसी व्हॅनिलाच्या शेंगा निवडायच्या कामाला लागली. मुली मोठ्या झाल्या, पण आईची मूठ काही सैल होईना. चर्चमधून येताना कोणासोबत चालायचं, केसांत कोणतं फूल माळायचं, सगळं तीच ठरवायची. घरी कावाची बैठक असली की ती झाडाच्या सालीच्या रंगवलेल्या पडद्यामागे चटई विणत बसायची. मुलींना तिच्या खोकल्याची भाषा पाठ होती. हलका खोकला म्हणजे फार हसू नकोस. मोठा खोकला म्हणजे याची करवंटी काठोकाठ भर, जीभ बधिर होऊन गप्प बसू दे.

खोकल्याने भागलं नाही, तर ती पडदा सारून बाहेर यायची आणि त्या मुलाचं गणगोत काढायची. आजीचं गाव कोणतं, पणजोबा कोणाचे, कोणी कोणाला दत्तक घेतलं होतं. शेवटी तो बिचारा भाऊ ठरायचा आणि चपला घालून चालता व्हायचा.

फुसी एकदा म्हणाली, "आई, असंच चाललं तर माझ्या लग्नात नवरा सोडून सगळे माहेरचेच असतील."

"नवरा मी शोधते," तेलेसिया म्हणाली. "तू शेंगा निवड."

मला हसू येत होतं तोवर सगळं ठीक होतं. मग सेमिसी आला.

सेमिसी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. नखांतलं काळं कितीही घासलं तरी जायचं नाही, म्हणून हात मांडीखाली दडवून बसायचा. बोलायचा कमी, पण लुपेच्या शाळेत काय चाललंय ते मन लावून ऐकायचा. तो असला की लुपेचा हात माझ्यातल्या पाण्यात सावकाश फिरायचा. मला ते कळायचं. तिला बैठक संपायला नको असायची.

तेलेसियालाही ते कळलं. खोकून खोकून तिचा घसा बसला, पण लुपे ऐकेना. तेव्हा ती बाहेर आली.

"सेमिसी, तुझी आजी ओवाका बेटावरची ना?"

"हो मावशी."

"मग झालं. तिची आई आणि माझे आजोबा चुलत भावंडं. तू लुपेचा भाऊ लागतोस रे बाबा."

गाणं थांबलं. सेमिसीने लुपेकडे बघितलंसुद्धा नाही, कारण आता तसं बघणं लाजिरवाणं झालं होतं. तो उठला आणि गेला. लुपेने करवंटी पालथी घातली, आणि त्यानंतर बरेच दिवस ती माझ्यापाशी बसली नाही.

मित्रांनो, मग मला भिंतीवर टांगून ठेवलं. कावाच्या वाडग्याला पाण्याची सवय असते. कोरडा पडला की तो तडकतो. माझ्या कडेलाही एक बारीक चीर गेली. घरात बोलणंही तसंच आटलं होतं. एके दिवशी लुपेने सांगितलं, की ऑकलंडमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायचं काम मिळालंय आणि ती महिनाअखेरीस जाणार आहे. परत कधी येणार, हे ती बोलली नाही. तेलेसियानेही विचारलं नाही. ती फक्त चटई विणत राहिली, आणि विणलेलं पुन्हा उसवत राहिली.

लेकीला थांबवायचा तिला एकच मार्ग दिसला. रस्त्यापलीकडे फेलेती राहायचा. बँकेत कामाला होता. त्याच्याशी लग्न झालं तर लुपे हाकेच्या अंतरावर राहील. तिने मला खाली काढलं, पुसलं, रात्रभर पाण्यात भिजवलं आणि बैठक ठरवली. लुपे बसायला तयार झाली, ती केवळ घरी आलेल्या सेइनी आत्याने सांगितलं म्हणून. सेइनी म्हणजे मोआलाची थोरली बहीण. आमच्याकडे भावाच्या लेकरांवर आत्याचा शब्द आईच्याही वरचा.

दिवेलागणीला मंडळी जमली. फेलेती लुपेच्या शेजारी बसून बँकेतल्या गमती सांगू लागला. लुपे माझ्यातलं पाणी नुसतं ढवळत होती. पडद्यामागून खोकला येत नव्हता, म्हणजे तेलेसिया खूश होती. एवढ्यात सेइनी आत्या आत येऊन बसली.

"काय रे फेलेती, तुझी आजी ओवाकाची ना? सेमिसीच्या आजीची सख्खी बहीण?"

"हो आत्या," फेलेती म्हणाला आणि तिथेच त्याचा चेहरा उतरला.

तेलेसिया पडदा बाजूला करून धावत आली. "वन्सं, ते फार लांबचं नातं आहे हो. इतकं कोण मोजतं?"

"तूच मोजतेस," आत्या म्हणाली. "सेमिसी भाऊ, तर हाही भाऊ. ऊठ रे फेलेती. जाताना केळी घेऊन जा."

सगळे निघून गेले. मुली भांडी घासायला मागे गेल्या, आणि मी आत्या आणि तेलेसियाच्या मध्ये अर्धा भरलेला राहिलो.

आत्याने तेलेसियाला जवळ बसवलं. "माझी आजी कुठली होती, आठवतं?"

तेलेसिया माझ्या कडेवरची चीर बोटाने चाचपू लागली.

"ओवाकाची, तुझ्या आजोबांच्याच गोतातली. तुझ्या हिशोबाने तू माझ्या भावाला या वाडग्यापासून उठवायला हवं होतंस. का नाही उठवलंस?"

"तो हसायचा," तेलेसिया हळूच म्हणाली. आणि मग इतक्या वर्षांचं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "वन्सं, तो गेला तेव्हा या दोघी माझ्या कुशीत झोपायच्या. मला वाटायचं, कोणी चांगला माणूस आला तर घेऊन जाईल. वाईट माणसांची मला भीती नव्हती. ती आपोआपच जातात. मला चांगल्यांचीच भीती वाटायची."

मागच्या दारात लुपे उभी होती. तिच्या हातात ओली करवंटी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती तशीच मागे फिरली, पण त्या रात्री तिने आईच्या शेजारी अंथरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी तेलेसियाने कमरेला चटई गुंडाळली. आमच्याकडे माफी मागायला जाताना तशी गुंडाळतात. काखेत मला घेतलं, माझ्यात कावाचं मूळ ठेवलं, आणि सगळ्या गावादेखत चालत सेमिसीच्या दुकानात जाऊन ती खाली बसली.

"मावशी, उठा. जमीन तेलकट आहे," सेमिसी घाबरून म्हणाला.

"असू दे. माझं चुकलं रे. तू लुपेचा कोणी भाऊबिऊ नाहीस. शनिवारी ये."

"ती जाणार आहे म्हणतात."

"जाऊ दे की. ती ठरवेल. तू ये फक्त."

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. लुपे ऑकलंडला गेली, पण लग्न करून, सेमिसीला बरोबर घेऊन, आणि काही वर्षांनी दोघं परतली. फुसीने आपला नवरा आपणच शोधला. माझी चीर सेमिसीने झाडाच्या डिंकाने बुजवली. मित्रांनो, आपल्या घरातल्या जुन्या भांड्यांना वापरात ठेवा, आणि आपल्या माणसांना घट्ट धरलंत तरी त्यांना श्वास घेता येईल इतपतच धरा. लाकडाच्या वाडग्याने याहून जास्त काय सांगावं? पण त्या शनिवारची एक गोष्ट सांगायची राहिली.

त्या संध्याकाळी तेलेसिया पडद्यामागे बसली नाही. ती चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली. लुपे माझ्यापाशी बसली, सेमिसी तिच्या शेजारी. सेमिसीने या वेळी हात लपवले नाहीत. सराव लवकर संपला असावा, कारण अंगणात पावलं वाजली आणि दाराशी येऊन थांबली. ज्या घरात कोणी यायचं आणि कोणी उठायचं हे आजवर तिने ठरवलं, त्या घराच्या दाराबाहेरून तेलेसियाने विचारलं, "लुपे, मी आत येऊ का गं?"

लुपेचा हात पाण्यातच थांबला. मग ती म्हणाली, "थोडं थांब, आई."

"बरं," असं म्हणून ती पायरीवर बसून राहिली.